चावलेला हरभरा

माझी स्वतःची म्हणावी अशी जादू माझ्याकडे एकच आहे. हरभऱ्याच्या दाण्याची. तिला पेटी लागत नाही, कबुतर लागत नाही, झगमगीत कोट तर नाहीच नाही. माणूस समोर बसतो, मधे साधं टेबल असतं आणि सगळं त्याच्या नाकाखाली घडतं. आमच्यात ह्याला क्लोज-अप म्हणतात. स्टेजवर दिवे असतात, गाणी असतात, पडदा असतो. काही चुकलं तर झाकता येतं. इथं झाकायला काही नाही. समोरच्याच्या मनात शंका आली की ती आधी त्याच्या भुवयांत दिसते.

मी नायगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नांदेडला राहून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं, आणि हे सांगताना माझी मान आजही ताठ होते. होऊ दे. लग्नानंतर लातूरला आले आणि एका डाळमिलच्या प्रयोगशाळेत लागले. माल आला की पोत्यातून नमुना काढायचा, मशीनवर ओलावा बघायचा, खडा-माती, किडका दाणा वेगळा करायचा, वर कळवायचं. दिवसभर हाताखाली दाणे. त्यामुळे हात आपोआप हलके झाले असावेत.

जादूची गोडी मात्र कॉलेजातली. गॅदरिंगला एक जादूगार आले होते, पेशाने शाळेत चित्रकला शिकवणारे. कार्यक्रम संपल्यावर सगळी पोरं जेवायला पळाली, मी त्यांच्या ट्रंकेजवळ उभी राहिले. ते राहायला लातूरचे निघाले. पुढे मीही लातूरची झाले आणि त्यांची शिष्य. त्यांना मी सर म्हणते. ते आता रिटायर आहेत, पण शाळाशाळांतून कार्यक्रम करतात, आणि कितीतरी वर्षं त्या कार्यक्रमांत मी हसऱ्या चेहऱ्याने रंगीत रुमालांचं तबक धरून उभी राहायची. लोक मला विचारत, "तुम्ही सरांच्या कोण?" सून का लेक, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असायचं. जादूगार असेन, असं कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

एकदा किनवटकडच्या एका वसतिगृहात ऐन कार्यक्रमात लाइट गेली. सर म्हणाले, "बाई, जरा पोरींना धरून ठेवा." मी ओट्यावर बसले आणि केसांच्या रबरबँडचा एक छोटा खेळ दाखवला, एका बोटावरून दुसऱ्या बोटावर उडी मारणारा. पोरींनी गराडा घातला. एकीने माझा हात ओढून घेतला, तळवा उलटा करून बघितला, त्याचा वास घेतला आणि न हसता म्हणाली, "परत कर." लाइट आली तरी त्या उठायला तयार नव्हत्या. त्या दिवशी मला कळलं की मला तबक नको, टेबल पाहिजे.

टेबल मिळणं सोपं नव्हतं. वर्षातून एकदा नांदेडला आमच्या लोकांचं संमेलन भरतं. मराठवाड्यातले जादूगार येतात, तेलंगणातूनही काही येतात. स्टेजचे कार्यक्रम होतात आणि बाजूच्या हॉलमध्ये क्लोज-अपची मोजकी टेबलं मांडतात. सरांभोवती जमलेल्या आमच्या लातूरच्या गटातून कोण जाणार हे सर ठरवतात. मी विचारलं तेव्हा त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"टेबल लावून देतो. पण स्वतःचं काहीतरी आणा. दुसऱ्याची जादू तुम्ही किती बी चांगली केलीत तरी लोक म्हणणार, सरांनी शिकवलं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तबक हायच की."

ते टोचून बोलले नव्हते. पण मला टोचलं.

आता स्वतःची जादू बनवायची म्हणजे काय करायचं? लोकांना वाटतं, एकदम काहीतरी सुचतं. तसं नसतं. आधी परिणाम ठरवायचा, म्हणजे बघणाऱ्याला शेवटी काय दिसलं पाहिजे ते. मग ते घडवायच्या वाटा शोधायच्या, आणि त्यातल्या बऱ्याच बंद निघतात. मी परिणाम ठरवला तो असा: समोरच्याने हरभऱ्याचा एक दाणा निवडायचा, त्यावर मार्करने ठिपका द्यायचा, मुठीत धरायचा. मूठ उघडली तर दाणा गायब. आणि सुरुवातीपासून पालथ्या काचेच्या ग्लासाखाली ठेवलेली भुईमुगाची शेंग त्याने स्वतः फोडली, की आत ठिपकेवाला हरभरा.

हरभरा का, तर तो मला हातासारखा ओळखीचा. पत्त्यांचं कसब आमच्या गटातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे होतं. त्याचं दुकान बसस्टँडच्या बाजूला आहे. दिवसभर बारीक स्क्रू उचलून त्याची बोटं चिमट्यासारखी झालेली. पत्त्यांत मी त्याच्या पासंगाला पुरणार नव्हते.

पहिली अडचण हाताची. व्हिडिओतले जादूगार बिनधास्त समोरच्याचा हात धरतात, दाणा ठेवतात, बोटं मिटवतात. अर्धी जादू त्या धरण्यातच असते. मी लातूरच्या डाळमिलमध्ये काम करणारी बाई. मी एखाद्या शेतकऱ्याचा हात धरला असता तर तो तिथंच अवघडून गेला असता, आणि बाकीच्यांना आठवडाभराचा विषय मिळाला असता. म्हणून मी दाणा वरूनच तळव्यावर सोडायला लागले.

दुसरी अडचण मला पहिल्याच दिवशी कळली. हरभरा घेऊन आलेले एक काका वजनाची वाट बघत बाकावर बसले होते. पांढरं धोतर, डोक्याला टापर गुंडाळलेली. मी म्हटलं, "काका, एक गंमत दाखवू का?"

"दाखव की बाय."

त्यांनी दाणा निवडला. त्यांनीच ठिपका दिला. मी दाणा त्यांच्या तळव्यावर सोडला आणि शेंगेकडे बोट केलं, म्हणजे त्यांची नजर तिकडं जावी. नजर गेली. मी म्हटलं, "दाणा आहे ना, मूठ उघडून दाखवा." त्यांनी मूठ उघडली. दाणा नव्हता. पण मी अजून काहीच केलं नव्हतं.

"काका, दाणा कुठं गेला?"

"चावला की."

"का बरं?"

"हातात दिला तर चावायचा न्हाई तर काय करायचा?" मग जरा थांबून म्हणाले, "वल हाय अजून. दोन दिवस ऊन दाखवा म्हणावं."

बाकावरची माणसं हसली. तो दाणा दुसऱ्याच एकाच्या मालातला होता. त्यांचं हसणं त्या मालकावर होतं, म्हणून मी वाचले.

मला वाटलं, एखादा चावतो. पण नाही. आमच्याकडे मालाच्या बाजारात वाढलेल्या माणसाच्या तळव्यावर दाणा पडला की तो दातांखाली गेलाच. माझ्या मशीनने ओलावा दाखवला असला तरी जातो. कट्ट असा आवाज आला तर वाळलेला, दात रुतला तर ओला. फोडून आतला रंग बघतात, मग बोलतात. हमाल चावायचा, ड्रायव्हर चावायचा, हिशेब बघणारे साहेबसुद्धा माझ्याशी बोलता बोलता चावून मोकळे झाले. ठिपका मोठा करून पाहिला, हळद लावून पाहिली. काही फरक नाही.

मग मी "चावू नका" म्हणायला लागले. ते तर आणखी वाईट. चावू नका म्हटलं की माणूस सावध होतो. "का, औषध मारलंय का?" "नकली हाय का दाणा?" त्यानंतर तो शेंगेकडे बघतच नाही, ग्लासाकडे बघत नाही, नुसता दाण्याकडे टक लावून बसतो. आणि जिथं टक लावलेली असते तिथं जादू होत नाही.

दाण्याऐवजी रुपयाचं नाणं घेतलं. जमलं. रविवारी सरांच्या बैठकीच्या खोलीत आमचा गट जमतो तिथं करून दाखवलं. मोबाईलवाला चहा पीत बसला होता. तो म्हणाला, "ताई, सफाई चांगली हाय. पण हे तर मी मागच्या महिन्यात मोबाईलवर बघितलं. तो गोरा माणूस लिंबातून काढतो, तुम्ही शेंगेतून काढलात."

"शेंग तरी माझी आहे ना?"

"शेंगा माझ्या बी शेतात लई हायेत," तो म्हणाला. "आणि ताई, हरभऱ्याची जादू तर कमालच होती. बघणाऱ्यालाच पचली."

सगळे हसले. सरही हसले. मला राग आला, पण त्याचं म्हणणं खरं होतं. नाण्याची जादू करण्यापेक्षा तबक धरलेलं बरं, असं वाटायला लागलं. संमेलन जवळ आलं होतं. घरी शेंगांचे प्रयोग चालूच होते. शेंग फोडायची कशी, परत बंद करायची कशी, हलवली तर आवाज येतो का, डिंकाचा वास राहतो का. सकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी ओट्याशी हेच करायची. नवरा डबा उघडून रोज शेंगदाण्याची चटणी बघायचा. एक दिवस म्हणाला, "तुझी जादू कधी होईल ती होऊ दे, पण ह्या चटणीला गायब करता येतं का बघ."

त्याच सुमारास मी गावाकडे गेले. बाबा अंगणात खाटेवर बसले होते. मी खेळ काढला, म्हटलं बघू तरी. बाबांच्या तळव्यावर दाणा सोडला आणि बाबांनी, अर्थातच, चावला. तोंडातून दोन तुकडे काढून हातावर घेतले आणि उन्हाकडे धरून बघायला लागले.

माय चुलीजवळून म्हणाली, "अवो, लेकीनं जादूला दिलाय तो. खायलाव काय?"

"खाल्ला कुठं? बघायलोय." मग माझ्याकडे वळून, "बी.एस्सी. शिकून हेच करायलीस का गं?"

"हेच करतेय आणि पगारही घेतेय," मी म्हटलं.

बाबांचा पुढचा एक दात टोकाशी तुटलेला आहे. मी त्यांच्या हातातले तुकडे बघितले. फुटलेल्या कडेवर त्या दाताची खाच स्पष्ट उमटली होती, आणि दोन तुकडे एकमेकांना अगदी नेमके बसत होते. तिसरा कुठलाच तुकडा तिथं बसला नसता. पत्त्यांचे जादूगार बघणाऱ्याची सही घेतात ती कशासाठी? पत्ता बदलला नाही हे पटावं म्हणून. आणि इथं माणूस न सांगता दाताने सही करत होता, मी आपली इतके दिवस ती पुसायला बघत होते.

मी बाबांना आणखी एक दाणा दिला. आणि आणखी एक. आता मी दाण्याकडे बघत नव्हते, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. दाणा चावताना माणूस कशाकडेच बघत नाही. डोळे उघडे असतात, पण कुठंतरी लांब लागलेले असतात. तो दाताचा आवाज ऐकत असतो. मग फोडलेला दाणा निरखतो, आणि तेव्हाही बाकी जगाकडे त्याचं लक्ष नसतं. जादूगाराला जेवढा वेळ लागतो त्याहून हा वेळ जास्त आहे. आणि तो मागावा लागत नाही, समोरचा स्वतःहून देतो.

माय म्हणाली, "किती चारशील गं त्यांना. कोंबडं हाय का ते?"

लातूरला परत येताना एसटीत मी नवीन मांडणी जुळवली. माणसाने दाणा निवडायचा आणि चावून दोन तुकडे करायचे. एक तुकडा स्वतःजवळ ठेवायचा. दुसरा कागदावर ठेवायचा. मी त्याची पुडी बांधायची, पुडी त्याने मुठीत धरायची. शेवटी पुडी उघडली तर आत अख्खा हरभरा, न चावलेला. आणि अर्धा तुकडा शेंगेत. दोन्ही तुकडे त्याने स्वतः जुळवून बघायचे.

कागद का आला, तेही सांगते. मिलमध्ये करून बघायला लागले तेव्हा प्रत्येक जण तुकडा देताना हात मागे घ्यायचा. "नको ताई, उष्टं हाय." बाईमाणसाने आपलं उष्टं उचलावं हे त्यांना बरं वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही फारसं बरं वाटत नव्हतं. म्हणून मी कागद पुढे करायला लागले. तुकडा त्यांनीच ठेवायचा. आता गंमत बघा. हात मी धरत नाही, दाण्याला बोट लावत नाही, सगळं समोरचा माणूसच करतो. हीच गोष्ट मोठे मोठे जादूगार मुद्दाम साधायला बघतात, कारण ज्याला हात लावला नाही त्यात हातचलाखी कुठली, असं बघणाऱ्याला वाटतं. मला ती आमच्या माणसांच्या संकोचाने मिळाली. तुकडा शेंगेत जातो कसा, तेवढं मात्र विचारू नका. ते सरांनाही मी सांगितलेलं नाही.

सरांनी ही नवी जादू रविवारी बघितली. चावले, तुकडे जुळवले, परत वेगळे केले, परत जुळवले. मग म्हणाले, "पुडी बांधताना बोलू नका. माणूस अजून दाणा ऐकायलाय, त्याला ऐकू द्या." एवढंच. पण त्यांनी नांदेडला फोन लावून टेबल सांगितलं, ते माझ्यासमोरच.

नांदेडला मला दाराजवळचं टेबल मिळालं. जाणाऱ्या-येणाऱ्यांचा धक्का लागायचा. सुरुवातीचे दोन-तीन खेळ बरे झाले, पण बघणारे जादूगारच होते, आणि जादूगार दाद देताना सुद्धा हिशेब करत असतात. मग एक आजोबा-आजी येऊन बसले. त्यांचा नातेवाईक कुणीतरी स्टेजवर होता, त्याची पाळी येईपर्यंत वेळ घालवायचा होता त्यांना. सर आणि मोबाईलवाला मागे उभे होते.

मी आजोबांपुढे ताटली केली. त्यांनी दाणा निवडला. मी म्हटलं, "आता चावून फोडा."

आजोबांनी तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नव्हता.

इतके दिवस मी सगळे चावणारेच बघितले होते. चावता न येणारा माणूस मी हिशेबात धरलाच नव्हता. मागे मोबाईलवाला हळूच म्हणाला, "आता?" मी काही बोलायच्या आत आजोबांनी तो दाणा आजींपुढे धरला.

"तू चाव."

"इथं? लोकात?"

"घरी तर रोज मलाच चावायलीस."

आजूबाजूची माणसं हसली. आजींनी पदर तोंडापुढे धरला आणि दाणा दातांखाली घेतला. कट्ट आवाज आला. बघणारे सगळे आजींकडे बघत होते, आणि आजोबा तर सगळ्यात जास्त. एवढा वेळ मला आजवर कुणी दिला नव्हता. एक तुकडा आजींनी जवळ ठेवला, दुसरा कागदावर ठेवला. पुडी मी आजोबांच्या मुठीत सोडली.

"आजोबा, उघडा."

अख्खा दाणा निघाला. आजोबांनी तो बोटांत फिरवून बघितला आणि आजींना म्हणाले, "हे बघ. तू चावलाच न्हाई." आजी म्हणाल्या, "चावला की, आवाज न्हाई का आला?" त्यांचं चांगलंच जुंपलं. मी ग्लास उचलला आणि शेंग आजींपुढे सरकवली. त्यांनी ती अंगठ्याने दाबून फोडली. आत अर्धा हरभरा.

आजींनी जवळचा तुकडा काढला, शेंगेतला त्याला लावला. एकदा उलटा लावून बघितला, बसला नाही. सुलटा लावला, बसला. मग दोन्ही तुकडे पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले आणि उठता उठता म्हणाल्या, "सुनेला दाखवते." आजोबा म्हणाले, "मला पण दाखव, मी तुझ्या तोंडाकडं बघून राहिलो होतो."

त्यानंतर टेबलाजवळ गर्दी राहिली. मी पाणी प्यायलासुद्धा उठले नाही. नवरा-बायको दिसले की मी मुद्दाम दोघांना बसवायला लागले. एकाने चावायचं, दुसऱ्याने पुडी धरायची. सकाळपर्यंत ही जादू अशी नव्हती. ती तिथंच, त्या टेबलावर बदलली.

परतीच्या बसमध्ये मोबाईलवाला माझ्या पुढच्या सीटवर होता. लोह्याजवळ तो मागे वळून म्हणाला, "ताई, एक विचारू का?"

"कसं केलं ते सांगणार नाही."

"ते न्हाई विचारायलो." त्याने घसा साफ केला. "ही मला करायची हाय. माझ्या कार्यक्रमात. तुमची परवानगी असली तर. नाव तुमचंच सांगीन."

आमच्यात परवानगी अशीच मागतात, आणि ती फक्त ज्याची जादू असते त्यालाच मागतात. सर खिडकीशी डोळे मिटून बसले होते, पण झोपलेले नव्हते. मोबाईलवाल्याने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने मला विचारलं होतं.

"देईन," मी म्हटलं. "पण आत्ता नाही. आधी मला पोटभर करू द्या."

"पोटभर म्हंजे किती दिवस?"

"ते माझं मी ठरवीन."

सर डोळे मिटूनच हसले. मोबाईलवाल्याने मान हलवली, "हाव, बरोबर हाय," म्हणाला आणि पुढे तोंड करून बसला.